बालवाडीतली सुगी : पसा सर्वांना सारखा



जानेवारी महिना आपल्या घरात कार्यक्रमांचा असतो. १ तारखेला भीमा कोरेगाव, ३ ला सावित्रीमाईंची जयंती, १२ ला जिजाऊ आणि १४ ला नामविस्तार दिन. त्याच १४-१५ तारखेला संक्रांतही येते. मोठी माणसे आपापल्या विचाराप्रमाणे ती पाळतात किंवा पाळत नाहीत. पण बालवाडीत जाणाऱ्या तीन-चार वर्षांच्या पोराचे काय? शेजारचा मित्र तिळगूळ घेऊन दारात उभा असतो. बालवाडीतून निरोप येतो, "उद्या बोरन्हाण आहे, मुलांना काळे कपडे घालून पाठवा." पाठवावे तर मन खाते आणि न पाठवावे तर पोर रडते. ही पंचाईत आपल्यापैकी अनेकांच्या घरी दरवर्षी होते. आमच्या कोल्हापुरातल्या वस्तीतही झाली. त्यातून आम्ही काय वाट काढली, ते सांगण्यासाठी हा लेख.

भिंतीला टेकलेली पोर

मी एका कचेरीत कारकून आहे. दिवसभर आकडे लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या बालवाडीत जाते. बालवाडी लहानच आहे. पत्र्याची एक खोली, पुढे थोडे अंगण आणि तीन ते सहा वयाची अठ्ठावीस मुले. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, मराठा आहेत, दोन-तीन मुसलमान घरांतली आहेत. शिवाय कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड मजुरांची चार-पाच मुले फडाजवळच्या कोपीतून येतात आणि मार्च संपला की निघून जातात.

काही वर्षांपूर्वी तिथे बोरन्हाण झाले. ज्या पालकांनी खर्च दिला त्यांच्या मुलाला पाटावर बसवले. अंगावर काळा झगा, गळ्यात हलव्याचे दागिने, डोक्यात मुकुट. त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि चॉकलेटच्या गोळ्या ओतल्या. बाकीच्यांनी लुटायचे असते, तशी सारी पोरे तुटून पडली. दांडगी होती त्यांच्या खिशात चार-चार गोळ्या गेल्या. एक साडेतीन वर्षांची पोर मात्र धक्का लागून मागे फेकली गेली. ती रडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि उघड्या मुठीकडे बघत राहिली.

तिला न्यायला तिची आजी आली होती. आत बायकांचे हळदीकुंकू चालू होते. आजीला नवरा नाही. तिला कोणी "आत येऊ नका" म्हटले नाही, तसे "या" असेही कोणी म्हटले नाही. तिनेच समजून घेतले आणि चपला ठेवतात तिथे, दाराबाहेर उभी राहिली. नात भिंतीला टेकून आत आणि आजी दाराला टेकून बाहेर.

यात कोणाच्या मनात वाईट होते असे मी म्हणणार नाही. बालवाडीच्या ताई प्रेमळ आहेत, खर्च देणाऱ्यांनी हौसेने दिला होता. पण ते दृश्य बघताना मला माझी आज्जी आठवली आणि त्या रात्री झोप लागली नाही.

खळ्याच्या कडेला

माझ्या आज्जीचे माहेर वाळवा तालुक्यातले. तेव्हा तो भाग ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होता. सुगी आली की ती आपल्या आईबरोबर खळ्यावर जायची. शाळू कापायला यांचेच हात, पेंढ्या बांधायला यांचेच हात. पण मळणी होऊन तिवड्याभोवती धान्याची रास पडली की त्या राशीला यांचा हात लागता कामा नये. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी असे एकेक बलुतेदार आपले माप घेऊन जात. महारवाड्यातल्या बाया सकाळपासून कडेला धडपे पसरून बसलेल्या असत. त्यांची पाळी शेवटी. दिवस मावळताना खळ्याच्या तळाचे मातेरे, म्हणजे माती मिसळलेले धान्य, लांबूनच धडप्यात टाकले जाई. आज्जी म्हणायची, "घरी आणून निवडाय बसलं की निम्मं खडंच निगायचं."

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले ते या धडप्यातून समाजाला सोडवण्यासाठी. गावाची रात्रंदिवस चाकरी करायची आणि मोबदला मात्र भीक घातल्यासारखा घ्यायचा, या व्यवस्थेवरच त्यांनी बोट ठेवले. आमच्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी त्याच्याही दहा वर्षे आधी, १९१८ मध्ये महार वतने खालसा करून जमिनी रयताव्याने दिल्या. बाकी मुलखाला १९५८ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले.

म्हणून आपल्या समाजात सुगीच्या सणाची आठवण दुहेरी आहे. नव्या धान्याचा वास आहे, हुरडा आहे, गुऱ्हाळातली गरम काकवी आहे. आणि त्याच्याच शेजारी कडेला बसलेली आई आहे. बालवाडीतल्या त्या प्रसंगात मला हीच आई पुन्हा दिसली. मध्ये रास एकाची, भोवती लुटालूट आणि कडेला उभी असलेली दोन माणसे. खळे गेले तरी त्याची मांडणी आपण चार वर्षांच्या मुलांना नकळत शिकवत होतो.

"आपण बौद्ध, मग हे कशाला?"

पुढच्या डिसेंबरात ताईंनी पालकांची बैठक बोलावली. मी माझे म्हणणे मांडले. चर्चा चांगली दोन तास रंगली.

आमच्या विहारातले एक जुने कार्यकर्ते आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. ते म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण. संक्रांत, हळदीकुंकू, हे आपल्या घरात नको. बालवाडीतूनही बंद करा." एक आई म्हणाली, "तात्या, बंद केलं तर पोर शेजारच्या दारात जाऊन उभं राहतंय. त्यापेक्षा इथंच काहीतरी चांगलं करूया की." मराठा घरातली एक बाई म्हणाली, "आमची संक्रांत आम्ही घरी करूच. हितं तुम्ही म्हणाल तसं." मुसलमान घरातली एक आई हळूच म्हणाली, "आम्ही त्या दिवशी पोराला पाठवतच नाही."

हे शेवटचे वाक्य सर्वांना लागले. ज्या सणाच्या दिवशी वर्गातले एक तरी मूल घरी बसते तो वर्गाचा सण कसा म्हणायचा?

मग मी तात्यांना बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची आठवण करून दिली. १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आपल्या घरोघरी आहे. त्यात शाक्यांच्या वप्रमंगल नावाच्या उत्सवाची हकीकत आहे. पेरणीच्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरायचा, अशी ती रीत. सिद्धार्थ विद्वान होता, मोठ्या घरचा होता, तरी तो स्वतः नांगर धरी. अंगमेहनतीला त्याने कधी हलके मानले नाही. त्याच ठिकाणी आणखी एक प्रसंग आहे. बापाच्या शेतावर मजूर तळपत्या उन्हात, अंगभर कपडा नसताना राबताना सिद्धार्थ बघतो आणि आपल्या मित्राला विचारतो की एकाने कष्ट करावेत आणि दुसऱ्याने त्यावर जगावे हे योग्य कसे?

मी म्हटले, "तात्या, शेताचा उत्सव आपल्याला परका नाही. आपल्या परंपरेत तो आहेच आणि त्याबरोबर हा प्रश्नही आहे. थायलंड आणि कंबोडिया हे बुद्धाला मानणारे देश. तिथे आजही मे महिन्यात नांगरणीचा समारंभ होतो. आपण पूजा करायची नाही. पण भाकरी कोणाच्या हातातून येते, हे मुलांना दाखवायला काय हरकत आहे?"

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे चालेल. पण नाव बदला." म्हणून आमच्याकडे त्याला 'सुगीचा दिवस' म्हणतात. आमच्या भागात पीक हाताशी येण्याच्या हंगामाला सुगीच म्हणतात आणि हा शब्द कोणत्याही एका धर्माचा नाही.

आणखी एक गोष्ट बैठकीत सांगितली. सूर्याचा उत्तरेकडचा प्रवास खरे तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतो आणि दिवस तेव्हापासूनच मोठा होऊ लागतो. त्यामुळे तारखेत शुभ-अशुभ काही नाही. या दिवसांत तूर काढणीला येते, हरभऱ्याला घाटे धरतात, शाळू हुरड्यात असतो, ऊस तुटत असतो, बोरे पिकतात. म्हणून तामिळनाडूत पोंगल, आसामात माघ बिहू, पंजाबात लोहडी. पीक हाती आल्याचा आनंद माणसाला सगळीकडेच होतो. आम्ही दिवस ठरवला १३ जानेवारी, कारण १४ ला संध्याकाळी विहारात नामविस्तार दिनाचा कार्यक्रम असतो.

अंगण हीच शाळा

खर्चाचा प्रश्न निघाला तेव्हा ताईंनी छान मुद्दा मांडला. अंगणवाडी हा शब्दच मुळी अंगणातून आला आहे. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले. तेव्हा तो ठाणे जिल्हा, आता पालघर. गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. परदेशी पद्धतीची महागडी खेळणी परवडत नव्हती, तेव्हा बिया, पाने, शंख-शिंपले, काड्या यांचीच साधने केली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांमध्ये अंगणवाड्या लवकरात लवकर सुरू करण्यास सांगितले. म्हणजे जी शाळा खास आपल्या पोरांपर्यंत पोहोचावी म्हणून निघाली, तिच्यात आपले पोर भिंतीला टेकून उभे राहू नये, एवढी काळजी तर आपण घेतलीच पाहिजे.

तयारी दहा दिवस आधी सुरू केली. प्रत्येक मुलाला नारळाची एक करवंटी दिली. तळाला छोटे भोक, आत माती. कोणी हरभरा पेरला, कोणी मूग, कोणी गहू, कोणी मेथी. करवंटीवर रंगाने प्रत्येकाची खूण काढली, कुणाचा मासा, कुणाची छत्री. रोज सकाळी आल्याबरोबर पाणी घालायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला कोंब दिसला तेव्हा वर्गात जो गलका झाला तो ऐकायला हवा होता. एका मुलाची मेथी उगवलीच नाही, त्याने रोज उकरून पाहिली म्हणून. त्यालाही काहीतरी कळलेच.

घरून आणायची वस्तू एकच ठरवली, मूठभर धान्य. घरात असेल ते. रेशनचा गहू चालेल, तांदूळ चालेल, नाचणी चालेल. पैसे कोणाकडूनही घ्यायचे नाहीत आणि कोणाची मूठ मोठी-लहान ते बघायचे नाही. ऊसतोडीच्या एका मुलाने धान्याऐवजी उसाचे वाढे ओढत आणले. त्याच्या घरी बैल होते आणि त्याच्या मते सगळ्यांत मोलाची वस्तू तीच होती. ते वाढे आम्ही दाराला बांधले.

सुगीचा दिवस

पाहुणे कोणाला बोलवायचे यावर आम्ही विचार केला. दरवेळी नगरसेवक किंवा साहेब बोलावतात. आम्ही मुलांच्याच घरातली कष्टाची माणसे बोलावली. गूळ बाजारात हमाली करणारा एक बाप, भाजीची पाटी घेऊन फिरणारी एक आई, ऊस तोडणारी एक आई आणि सूप पाखडण्यात हातखंडा असलेली ती दाराबाहेरची आजी.

सर्वांना गोलात बसवले. पाट नव्हता. लहान मुले, पाहुणे, ताई, सगळे एकाच सतरंजीवर. गोलाला कडा नसते, हा त्यातला फायदा.

आधी गव्हाच्या ओंब्या वाटल्या. या दिवसांत नव्या ओंब्या हिरव्या असतात, म्हणून ताईंनी मागच्या वर्षीच्या वाळक्या जपून ठेवल्या होत्या. प्रत्येकाने दोन तळहातांत ओंबी चोळायची आणि दाणे मोजायचे. पाच-सहा वर्षांची पोरे वीस-पंचवीसपर्यंत गेली, लहान तीन-चारवर थांबली. मग आजीने सूप घेतले. तिने दोन झटके दिले आणि कोंडा उडून बाहेर, दाणे सुपात. पोरे तोंड उघडी टाकून बघत राहिली. "आज्जी, परत! परत!" असे पाच वेळा झाले. मग एका छोट्या जात्यावर दोघादोघांनी मिळून मूठभर दळले. पीठ हाताला लागल्यावर एक मुलगा म्हणाला, "हे गिरणीत असतंय ना?" त्याला पहिल्यांदा कळले की पीठ हे धान्याचेच असते.

ऊस तोडणाऱ्या बाईला बोलायला सांगितले तेव्हा ती लाजली. कोयता आणू नका असे आम्ही आधीच सांगितले होते. तिने नुसते हातवारे करून दाखवले. बुडातून कसा तोडायचा, पाला कसा काढायचा, मोळी कशी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीवर कशी चढायची. मुलांनी तिच्यामागे रांग करून तसेच करून पाहिले. एका मुलीने विचारले, "तुम्हाला ऊस लागतो का हाताला?" बाईने तळहात पुढे केला. पाल्याच्या धारेने कापलेल्या रेघा होत्या. पोरांनी एकेक करून त्या बोटाने चाचपल्या. तिचा स्वतःचा मुलगा शेजारी छाती पुढे काढून बसला होता. नोव्हेंबरपासून तो वर्गात होता, पण इतक्या ताठ बसलेला मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

हमाल बापाने गुळाची ढेप दाखवली. ऊस चरकात कसा जातो, काहिलीत रस कसा आटतो, गूळ कसा होतो ते सांगितले. कोल्हापुरी गुळाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ज्या शाहूपुरीत हा गूळ विकला जातो ती पेठ शाहू महाराजांनी वसवली आणि राधानगरीचे धरणही त्यांनीच बांधायला घेतले. मुलांना हे सगळे सांगायची गरज नाही. पण पालक बसले होते, त्यांच्यासाठी ताईंनी दोन शब्द सांगितले.

मग वाटप. खरी गोष्ट इथेच आहे. सगळ्यांच्या मुठीमुठीतून आलेले धान्य एका परातीत एकत्र केले होते. कोणाचे कोणते ते ओळखू येत नव्हते. ताईंनी एका छोट्या मुलीला बोलावले, तीच ती, भिंतीला टेकून उभी राहिलेली. तिच्या हातात वाटी दिली आणि सांगितले, "पहिला पसा आज्जीला दे." पोरगी वाटी सांभाळत गेली आणि आजीच्या ओंजळीत धान्य ओतले. मग एकेका मुलाने एकेका पाहुण्याला दिले. शेवटी प्रत्येक मुलाला एक मूठ धान्य, पाच बोरे, दोन करवे आणि एक तिळगूळ. सगळ्यांना सारखे. मोजायला मुलेच होती. कुणाला सहा गेली तर इतर लगेच ओरडत, "ताई, सहा! सहा!"

आजी बराच वेळ ओंजळ तशीच धरून बसली. मग मला म्हणाली, "बाई, आयुष्यात पैल्यांदाच हात न पसरता मिळालं बगा."

मी काही बोलू शकले नाही.

जेवायला बायांनी भोगीची मिसळीची भाजी केली होती. वांगी, गाजर, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, तिळाचे कूट आणि सोबत बाजरीची भाकरी, तीळ लावलेली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे केले. आपल्या आयाबाया बाजरी-नाचणी कित्येक पिढ्या थापत आल्या आहेत. गरिबांचे म्हणून जे नाक मुरडले जायचे तेच आता पौष्टिक म्हणून शहरात महाग विकले जाते. मुलांना हे अन्न लाज न वाटता खायची सवय लागली, तर तीही कमाईच.

एकत्र जेवणाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. आमच्याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीने चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, अशी कुजबुज होती. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेत आणि बरोबरच्या लोकांनाही पाजत. राजाने कपभर चहाने जे शिकवले ते आपण बालवाडीत भाकरीच्या तुकड्याने शिकवू शकतो.

एक चूक, सर्वांनी टाळावी अशी

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. एका तीन वर्षांच्या मुलाने पळता पळता बोर तोंडात टाकले आणि आठळी घशात अडकली. क्षणभर सर्वांचा जीव खाली-वर झाला. ताईंनी त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात थापा दिल्या आणि आठळी बाहेर पडली. चूक आमची होती.

तेव्हापासून आमचे नियम पक्के आहेत. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक चिक्की, टणक हलवा आणि आठळीसकट बोर द्यायचे नाही. बोराचा गर काढून द्यायचा. उसाचे करवे बारीक, तासून द्यायचे आणि चोखून चोथा थुंकायला लावायचे. खाताना बसूनच खायचे, पळायचे नाही, हसवायचे नाही. एखाद्याला तीळ किंवा शेंगदाणे सोसत नाहीत का, ते आईला आधीच विचारायचे. मूल खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर पाठीवर थापा द्याव्यात, घशात अंदाजाने बोटे घालू नयेत आणि लगेच १०८ ला फोन करावा. खरे तर पूर्वीच्या लुटीत हा धोका किती मोठा होता, ते आम्हाला उशिरा कळले.

हिशेब आणि चार सूचना

मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. अर्धा किलो तीळ आणि अर्धा किलो गूळ यांत लहान आकाराचे पन्नासभर लाडू होतात, म्हणजे अठ्ठावीस मुलांना आणि पाहुण्यांना पुरून उरतात. तीळ मंद भाजून भरड कुटावेत, भाजलेल्या दाण्याचे बारीक कूट घालावे, मऊ गूळ किसून हातानेच मळावा आणि लाडू वळावेत. पाक करू नये. पाकाचा लाडू कडक होतो. भाजी-भाकरीचे सामान बायांनी घरून थोडे थोडे आणले. करवंट्या फुकट, ओंब्या फुकट, वाढे फुकट. ज्यांनी पूर्वी बोरन्हाणाचा खर्च दिला होता, त्याच पालकांनी पुढच्या वर्षी वर्गाला चित्रांची पुस्तके दिली. त्यांचा मुलगाही गोलात बसला होता आणि जाते फिरवायला दोनदा रांगेत लागला होता.

आपल्या वस्तीत असा दिवस करायचा झाल्यास एवढे लक्षात ठेवावे :

१. दिवस ठरवण्याआधी सर्व समाजाच्या पालकांना बोलवावे. एकही मूल त्या दिवशी घरी राहणार असेल तर कार्यक्रमात काय बदलायचे ते त्या आईलाच विचारावे.

२. कोणत्याही एका मुलाला सजवून मध्ये बसवू नये. कपड्याची अट घालू नये.

३. आया, आज्ज्या, मावश्या सर्वांना बोलवावे. कोणाचा नवरा आहे-नाही ही चौकशी बालवाडीच्या दाराबाहेर ठेवावी.

४. पाहुणे म्हणून राबणारी माणसे आणावीत. ज्या मुलाच्या आईबापाचे काम जगाला हलके वाटते, त्यांना आधी बोलवावे.

५. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. पिकवले कोणी, तोडले कोणी, वाहिले कोणी आणि त्यांच्या ताटात काय आहे, या प्रश्नांची सुरुवात याच वयात होते.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी १४ जानेवारी. संध्याकाळी विहारात नामविस्तार दिनाचा कार्यक्रम होता. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचे नाव लागले. त्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात घरे जळली, माणसे मारली गेली, तरुण पायी चालत निघाले. विद्येच्या राशीवर आपलाही हक्क आहे, एवढेच तर म्हणायचे होते. तात्या त्या दिवसांविषयी बोलले. बोलताना त्यांचा आवाज भरून आला.

तेवढ्यात मागून गडबड ऐकू आली. बालवाडीची सात-आठ पोरे आयांबरोबर आली होती आणि प्रत्येकाच्या हातात आपापली करवंटी होती. हरभऱ्याचे, मुगाचे कोंब बोटभर वाढले होते. कुणी सांगितले नव्हते, त्यांनीच आणल्या होत्या. ती छोटी मुलगी आजीचे बोट धरून पुढे आली आणि तिने आपली करवंटी बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली. मग मागे वळून आजीला विचारले, "आज्जी, उद्या पाणी घालायला परत घेऊन जायची ना?"

आजी म्हणाली, "व्हय, आपलीच हाय ती."

जयभीम.